बियाण्याचे वाल

भिवंडी, २८ सप्टेंबर

चि. सौ. विनितास अनेक आशीर्वाद.

पहाटे कामवारी नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं, दुपारी ओसरलं. तुझी आई गेल्यानंतरचा हा पहिला पूर. घोटाभर गाळ राहिला होता, तो गटारात लोटला आणि लादी फिनेलने पुसली. सहावीला इतकी वर्षं शिकवलं की नाईलचा पूर सुपीक गाळ टाकून जातो, त्यात धान्य पिकतं, म्हणून माणसं नदीकाठी स्थिरावली. नदी स्वतः माझ्या दारात आली, तर मी खराटा घेऊन उभा.

फडताळात तुझ्या आईचे राखेत ठेवलेले कडवे वाल सापडले होते. मोड आणून आज बिरडं केलं. सोलता सोलता कंटाळलो, उरलेले तसेच फ्रिजमध्ये आहेत. चव बरी होती. मीठ राहिलं होतं.

तुझा, बाबा

पुणे, ३० सप्टेंबर

ती. बाबांना सा. न.

फोन उचलत नाही, म्हणून कुरिअर. बाबा, ते बियाणं होतं. पूर्णा गावातल्या आपल्या शेतातलं. तिथे गोडाऊन झाल्यापासून आई दरवर्षी पुराचा गाळ डब्यांत भरून गच्चीवर वाल लावायची आणि बी राखायची. पहिल्या शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन बियाणं जपलं, हे तुम्हीच शिकवलंत; मी पहिल्या बाकावर होते. न सोललेले अजून रुजतील. लगेच पेरा. तिच्या हातचं एवढंच उरलंय.

रागावलेय, तरी तुमचीच,
विनिता

भिवंडी, ९ ऑक्टोबर

चि. विनितास आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दिवशी पेरले. माझा गाळ गटारात गेलेला, म्हणून शेजारच्या हेमालीच्या जिन्याखालचा मागून आणला. तिने विचारलं, काका, सफाईचं काम धरलंत का. हो म्हटलं, आधीच्या कामात फारसं काही शिकलो नव्हतो.

आज कोंब वर आले. सगळे नाहीत, पण बियाण्यापुरते आहेत. ते जगले ते माझ्या आळसामुळे. कष्टाळू असतो तर सगळे सोलून खाल्ले असते. या वेळच्या शेंगा खाणार नाही. तू येशील तेव्हा डब्यांपाशी नेईन. माया असू दे.

तुझा, बाबा

ता. क. दुपारी डब्यांतली माती हातांनी मोकळी केली. नखांत राहिली आहे. ती धुवावीशी वाटेना, म्हणून आमटीभात चमच्याने खाल्ला.