मिस्त्र्याच्या स्लॅबला गळती नव्हती

प्रिय अण्णा,

आज महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा झाली आणि तिच्यात तुमच्या नावाने एवढा गोंधळ झाला की तुम्ही असतात तर स्वतःच ओरडला असतात, "कोन हाय हा मिस्त्री, धरून आना त्याला!" म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन वर्ष उलटलं, पण तुमचा एवढा राग मला आजच आला. तो टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगता आलं का हो? सेनगावच्या स्टँडवर कुणी विचारलं, "पोरगी काय करती?" की तुमचं उत्तर ठरलेलं: "हिंगोलीला हाय, घरं थंड करायच्या हापिसात." लोकांना वाटायचं मी कूलर विकते. एक जण तर बिघडलेला कूलर घेऊन आपल्या दारात आला होता आणि तुम्ही तो ठेवूनही घेतलात! अजून गोठ्यात पडलाय.

आमची संस्था म्हणजे तिघं जण आणि एक अडकणारा प्रिंटर. नवी इमारत बांधताना ऊन आत घुसू नये, वारा खेळावा, पंख्या-कूलरला वीज कमी लागावी, यासाठी जे नियम आहेत ती ऊर्जा संहिता. कायद्याने ती मोठ्या इमारतींना लागते. लहान इमारतींना गावाने आपणहून लावून घ्यावी, एवढंच आम्ही दारोदार सांगत फिरतो.

त्या शब्दाने माझी काय शोभा झाली, आठवतं ना? मी शाळेच्या भिंतीवर मोठ्या हौसेने रंगवून घेतलं, ‘संहिता लागू करा’. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी चौकातला स्वतःचा फोटो गोणपाटाने झाकला, नळाच्या पाइपलाइनचा नारळ रद्द केला आणि ग्रामसेवकाला दरडावलं, "इलेक्शन लागलं तर सांगायचं न्हाई व्हय?" आपल्या गावाला संहिता म्हणजे एकच ठाऊक, आचारसंहिता. ती लागली की सगळी कामं बंद. तुम्ही तो किस्सा जवळा बाजारच्या आठवडी बाजारापर्यंत पोचवलात. "शिकलेली पोरगी माझी. एका शब्दात गावाचं पानी तोडलं!"

आणि हिंगोलीची ती कार्यशाळा! मी मोठ्या कौतुकाने तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. तासभर झोपलात, तेही मान्य. पण उठल्या उठल्या साहेबांना विचारायची काय गरज होती, "वीज वाचवायचं सांगून राहिले, अन् एशी लावून स्वतः शाल काहून पांघरली?" साहेबांनी शाल काढली. मग त्यांना सर्दी झाली.

हसले मी पण. तुमच्यापुढे नाही, बाहेर जाऊन.

पण घरात मात्र तुम्ही माझं एक ऐकलं नाहीत. अर्ध्या गावाची घरं तुमच्या हातची. मी म्हणायचे, अण्णा, उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी माणसांवर उतरतो. तुम्ही म्हणायचात, "पंखा गरम वारा फेकतो हा पंख्याचा दोष. माझ्या स्लॅबला नावं ठेवायची न्हाईत." मग दोन दिवस अबोला. आई मधल्या मध्ये दोघांना वेगवेगळं वाढायची.

शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही अचानक आपल्या गच्चीवर पांढरा चुना मारलात. मी विचारलं, तर म्हणालात, "गळती हाय." गावालाही तेच सांगितलंत. गाव किती हसलं! मिस्त्र्याच्याच घराला गळती! ज्या माणसाला आयुष्यभर कुणी एक बोट दाखवलं नाही, त्याने ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या ऑफिसातलं तापमान मोजायचं यंत्र त्याच महिन्यात हरवलं होतं, तरी नाही आली. वा रे माझी हुशारी!

तर आजची सभा. गावाला नवी अंगणवाडी मंजूर झालीय, आठ दिवसांत काम सुरू होणार. आत्ताची पत्र्याची आहे. उन्हाळ्यात लेकरांना खिचडी खाऊ घालून अकरालाच घरी धाडतात, कारण त्यापुढे आत बसवत नाही. आणि नव्या नकाशात काय? उघडा स्लॅब आणि पश्चिमेला ही मोठी काचेची खिडकी. का, तर फोटोत बरी दिसते! मी ठराव मांडला: खिडक्या उत्तर-दक्षिण करा, वर रुंद छज्जा द्या, छतावर पांढरी फरशी बसवा.

सरपंच उठले. माणूस वाईट नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, "ताई, तुमचं बराबर असंल. पन मिस्त्री काय म्हनायचे? उन्हाला भिऊन घर बांधत नसतेत. बापाचं न्हाई ऐकायचं तर कुनाचं ऐकायचं?"

झालं! सगळी सभा तुमच्या बाजूने. "व्हय, मिस्त्री हेच म्हनायचे." माझ्यासमोर उभं राहून मेलेला बाप माझा ठराव पाडत होता, अण्णा. जिवंतपणी भांडून पोट भरलं नव्हतं का?

मी खाली बसणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आई उठली. आपली आई! जी रेशनच्या दुकानातही मलाच बोलायला लावते. पदर सावरून म्हणाली, "आमच्या घराला गळती-बिळती काई नव्हती."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"पोरीचं मशीन ह्यांनीच लपवलं होतं, देव्हाऱ्यामागं. चुना मारायच्या आधी अन् मारल्यावर, रोज दुपारी खाटेवर चढून स्लॅबला मशीन लावायचे, मंग हात लावून बघायचे. चुना मारल्यावर म्हन्ले, स्लॅब तापंना, पोरीचं खरं हाय. मंग भर दुपारी गावात निघायचे. चहा प्यायला जातो म्हने."

मागून एक जण म्हणाला, "आमच्याकडं आले होते. दोन वाजता. मी म्हन्लं, ह्या उन्हात चहा?" दुसरा म्हणाला, "आमच्याबी खाटेवर चढले होते! पाल हाय का बघतो म्हन्ले." मग काय, जो तो उठायला लागला. कुणाकडे पाल, कुणाकडे पंख्याचा हूक, कुणाकडे कोळ्याचं जाळं. अण्णा, तुम्ही एकही घर सोडलं नाहीत! सभेत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई हसली नाही. हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "शेवटचं घर बघून आले त्या दिवशी जेवले न्हाईत. म्हन्ले, लोकं मला मिस्त्री मिस्त्री करतेत, अन् मी लेकरंबाळं भाजून काढली त्यांची. आता कोन्या तोंडानं सांगू?"

म्हणून गळती. चुकीचं घर बांधलं हे सांगण्यापेक्षा कच्चं घर बांधलं हे सोसलंत. मला तरी सांगायचं होतंत ना, अण्णा! मी काय तुम्हाला हसले असते? हसले असते, खरं आहे. पण मग शेजारी बसलेही असते.

मग गिरजाआजी काठी टेकत उठली. तुम्ही आयुष्यात बांधलेलं पहिलं घर तिचं. म्हणाली, "भाजलं तर भाजलं. जमिनीला धक्के बसले तवा सारं गाव लेकरं घेऊन बाहेर पळालं. मी खाटेवरून हालले न्हाई. वर मिस्त्र्याचा स्लॅब हाय म्हन्लं, काय होतंय मला. तापला असंल त्यो, पन पडला न्हाई. लिव्हा रे ठराव."

ग्रामसेवकाने लिहिला. एकही हात खाली नव्हता. अंगणवाडीच्या खिडक्या उत्तर-दक्षिण होणार, अण्णा.

आता माझा शब्द ऐका. उद्यापासून तुमच्या हातच्या एकेका घराच्या गच्चीवर मी चुन्याची बादली घेऊन चढणार आहे. आई पाणी वर देणार म्हणतेय. कुणी विचारलं तर गळती सांगणार नाही. सांगेन, घर मिस्त्र्यानेच बांधलंय, थोडं काम त्याच्या पोरीसाठी ठेवलं होतं.

तुमची,
वंदना