यजमानाचं पान

३ डिसेंबर

ईशानीला काम मिळालं. अमृतराव घाटामागच्या यात्रीनिवासात, जिथे मी चाळीस वर्षं पंगती वाढल्या, तीस खोल्यांत फोन बसवायचे. जमलं तर कंपनी तिला पुण्याला नेणार. घरात आम्ही दोघंच, आजोबा आणि नात. मग मी एकटा — गॅस चालू राहिला तर? पण ऊन छान पडलंय. गच्चीत बसून मटार सोलले.

४ डिसेंबर

तिने कागदावर समजावलं. दर फोनला एक नंबर लागतो, घराला पत्ता तसा. नंबर गटाने मिळतात — सोळा, बत्तीस, चौसष्ट. पहिला त्या गटाच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. ते दोन कुणाला द्यायचे नाहीत. सगळे फोन राउटर नावाच्या डब्यातून बोलतात. तिने बत्तीसचा गट घेतलाय.

मी म्हटलं, आमच्याकडेही एक पान देवाचं, एक गाईचं. बत्तीस मांडली की तीस बसतात.

"बिलकुल सही, आजोबा!"

सातवी नापास माणसाला असं म्हणाली. दिवसभर बरं वाटलं.

५ डिसेंबर

दुपारी आडवा झालो आणि उठून बसलो. पंगतीला यजमानही बसतो की! तो राउटरचा डबा म्हणजे यजमान. त्यालाही एक नंबर हवा. उरले एकोणतीस. तिसावी खोली मुकी राहणार.

तिला बोललो नाही.

६ डिसेंबर

उद्या चाचणी. काम फसलं तर पोर इथेच राहील, हेच डोक्यात. कसला मी आजोबा!

संध्याकाळी सांगून टाकलं — यजमानाचं पान विसरलीस. 

"पक्कं सांगताय?"

"पंगतीत कधी चुकलोय का मी?"

"नाही. मग चौसष्टचा घेते."

मान खाली घालून कढीभात जेवली. मी मात्र दोनदा भात घेतला.

७ डिसेंबर

तीसही फोन वाजले. मॅनेजर नीलकंठराव तिसाव्या खोलीतून, पहिल्या खोलीत बसलेल्या माझ्याशीच बोलले, "काका, नात तो हीरा है." जिलेबी खाल्ली. साखर वाढली तर वाढू दे.

१८ डिसेंबर

ईशानीला गाडीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, "यजमान मी विसरले नव्हते, आजोबा. काम फसावं, तुम्हाला एकटं सोडावं लागू नये म्हणून मुद्दाम सोडला होता. तुम्ही सांगितलंत, तेव्हा म्हटलं, यांचं इतकं लक्ष असतं, आता जायला हरकत नाही."