दूरदेशीच्या लढाईचा खर्च आणि आमचा पखवाज

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
वैशाख, शनिवार

तीर्थरूप धर्माजीमामा,

तुमच्या पायांवर माझं डोकं, उर्मिलेचा वाकून नमस्कार, आणि रसिकाचाही (तिने तो मोबाइलवरून मान वर न करता केला, पण केला). तुमचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता का, की ते मामींनी दाराच्या बिजागरीला घातलं? गाय व्यायली असेल. कालवड झाली असल्यास कळवा, पाडा झाला असला तरी कळवा. आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक आहोत. कारखान्यातलं काम चालू आहे. स्टीलची भांडी मी अजून त्याच टेबलावरून खोक्यांत भरून पाठवतो, आणि लोक अजून जेवतात म्हणून माझी नोकरी आहे. फोन करण्याऐवजी पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि त्या निम्म्यावर तुम्ही मला पूर्ण रागावता. शिवाय विषय मोठा आहे. युद्धाचा आहे.

तुम्हीही टीव्हीवर बघत असाल. लांब कुठेतरी दोन देश भांडतायत आणि त्याहून लांबचा तिसरा, श्रीमंत देश त्याचा खर्च करतोय. (देशांची नावं मुद्दाम लिहीत नाही. आमच्या इमारतीत नावं घेतली की लोक लिफ्टमध्ये सरकून जागा देत नाहीत.) हा खर्च योग्य की अयोग्य, असा प्रश्न त्या श्रीमंत देशात म्हणे चर्चेला आहे. तिथे काय ठरलं ते माहीत नाही, आमच्याकडे मात्र ठरलं असतं. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन झालं की आम्ही चंदनच्या टपरीवर चहाला बसतो, तिथे हा विषय निघाला. माझं मत तुम्हाला ठाऊक असेलच, कारण ते बरोबर आहे. लढाईचा खर्च लढवणारा कधी देत नाही. देतो तो घरात बसलेला माणूस, ज्याला त्या देशाचं नावही नीट उच्चारता येत नाही. मी एवढं बोललो आणि सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त माझे साडू बबन यांनी कप खाली ठेवला.

बबनला तुम्ही ओळखता, किंबहुना तुम्हीच घडवलाय. आपल्या पडवीत तुम्ही मला पेटी शिकवलीत आणि त्याला पखवाज. पुढे मी उर्मिलेशी लग्न केलं आणि त्याने तिच्या बहिणीशी, आशाशी. तो राहतो पेणकरपाड्याला, पण गेली कित्येक वर्षं दर शनिवारी पखवाज घेऊन गोडदेवला यायचा. तर तो म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्यासारखी माणसं सल्लागार असती तर लंका अजून रावणाकडेच असती. सीतामाईला सांगितलं असतं, थांब बाई, आधी कोटेशन मागवतो." सगळे हसले. चंदन चहावालाही हसला (त्याला मराठी येत नाही, पण गिऱ्हाईक हसलं की तो हसतो), आणि मला म्हणाला, "अंकल, लड़ाई छोड़ो, तेल का डिब्बा कब सस्ता होगा ये बताओ." मी म्हटलं, तेच तर मी सांगतोय. बबन म्हणाला, अन्यायाशी लढताना खर्च मोजायचा नसतो. मी म्हटलं, ठीक, मग मंडळाच्या नव्या टाळांचा खर्च तू दे आणि मोजू नकोस. आता यात वाईट काय होतं? मी तत्त्वाचंच बोललो. पण बबन उठला, देवळात गेला आणि पखवाज खांद्याला लावून रिक्षात बसला. मामा, रिक्षा वळली तेव्हा लक्षात आलं की पखवाज मंडळाचा नव्हता, त्याचा होता. आमची बाजू जागच्या जागी निःशस्त्र झाली.

त्यानंतर त्याने पेणकरपाड्यात स्वतःचं मंडळ काढलं. हे मी एकवेळ समजून घेतलं असतं. पण त्याने नाक्यावर बॅनर लावला. हात जोडलेला बबन, मागे प्रभू रामचंद्र, आणि रामापेक्षा बबन मोठा. मी अशा खर्चाच्या विरोधात आहे हे तुम्ही जाणता. म्हणून आम्ही आमच्या नाक्यावर फक्त एकच बॅनर लावला. तो त्याच्यापेक्षा थोडा रुंद निघाला, कारण छापणाऱ्याकडे त्याच मापाचं कापड होतं. उर्मिला म्हणाली, "हे कशाला?" मी सांगितलं, हे आक्रमण नाही, बचाव आहे. मग त्याने मोठे स्पीकर घेतले. मग आम्हालाही घ्यावे लागले, नाहीतर तोल गेला असता. (तोल हा शब्द मी टीव्हीवर ऐकला. फार उपयोगी शब्द आहे.) पखवाजाला आम्ही रोशनला घेतलं. मुलगा गुणी आहे, पण लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. संथ अभंग धरला तरी त्याचे हात आपसूक वरातीला निघतात.

हनुमान जयंतीला आमच्या मंडळाने बबनच्या मंडळाशी डबलबारी ठेवली. एक बुवा गाऊन प्रश्न टाकणार आणि दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं, हे तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही त्यात आयुष्य काढलंत. पण आमचा सेक्रेटरी निकेत हल्लीचा आहे. त्याने स्टेजवरून जाहीर केलं की आजच्या बारीचा विषय आहे, परदेशातल्या युद्धावरचा खर्च सार्थ की व्यर्थ. एवढी माणसं मी आमच्या पटांगणात नवरात्रातही पाहिली नव्हती. बबनने सुरुवातच लंकेपासून केली. रामाची लढाई परदेशातच होती ना, समुद्र ओलांडूनच झाली ना, मग सेतूचा खर्च कुणी विचारला? मी लगेच गाऊन सांगितलं की रामाने अयोध्येच्या खजिन्याला हातही लावला नाही. दगड किनाऱ्यावरचे, मजूर वानर, मुकादम नल, आणि पगार शून्य. काय टाळ्या पडल्या! मागच्या रांगेतले कोळीवाड्यातले एक आजोबा ओरडले, "बुवा, येकदम बराबर हाय!" मला वाटलं, आता बबन संपला.

तो संपला नाही. त्याने पखवाजावर थाप दिली, माझ्याकडे बघून हसला (तुमच्यासारखाच हसतो, डावीकडून) आणि विचारलं, की हरिबुवा, एवढे वानर जेवले कुठे? त्यांचं पोट कुणाच्या खर्चाने भरलं? अयोध्येच्या नाही ना? मग किष्किंधेच्या! परक्या राणीसाठी परक्या राज्याने खर्च केला, आणि त्याची आपण आजही आरती करतो! मामा, मी पेटीचा भाता दाबून नुसता सूर लांबवत राहिलो. मी रोशनकडे बघितलं, की निदान ठेक्यावर थोडा वेळ काढ. त्याला वाटलं मी जोर लाव म्हणतोय. त्याने जो ठेका धरला त्यावर पुढच्या तीन रांगा नाचायला उठल्या. निकाल काही लागला नाही. दोघांनाही नारळ मिळाला. (पुढे एकदा आंघोळ करताना मला उत्तर आठवलं. वानरांनी सुग्रीवाचं मधुवन खाऊन फस्त केलं होतं आणि सुग्रीव उलट खूश झाला होता. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, आणि मग लक्षात आलं की हे उत्तर बबनच्या बाजूचं आहे.)

आता मुद्द्याचं. रसिकाचा साखरपुडा ठरलाय, हे मामींना उर्मिलेने कळवलंच असेल. मुलगा यतीन, बोरिवलीला बँकेत आहे, शांत आहे, भजनाला मान हलवतो. साखरपुड्यानंतर घरात भजन व्हायचं आणि पखवाज बबनकाकांनीच वाजवायचा, हे रसिकाचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून ठरलेलं. बबनने तेव्हा तिला तसा शब्द दिला होता. आता बबन म्हणतो, मी येईन, पण हरिभाऊंनी आधी चारचौघांत कबूल करावं की त्या लढाईचा खर्च योग्य आहे. मामा, त्या श्रीमंत देशाला माझ्या कबुलीची काडीचीही गरज नाही. बबनला आहे. रसिकाने मला सरळ सांगितलंय, "पप्पा, बबनकाका नसतील तर भजन नको. आणि रोशनदादा तर अजिबात नको." शेवटी आशाने तोडगा काढला. साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी पेणकरपाड्याला दुसरी बारी करायची. मी हरलो तर सगळ्यांसमोर कबूल करायचं. बबन हरला तर त्याने काही न बोलता यायचं आणि पखवाज वाजवायचा. दोघांनीही मान्य केलं. उर्मिला म्हणते, "आत्ताच कबूल करून टाका, त्याला पैसे पडतात का?" तिला तत्त्व कळत नाही. मी आज कबूल केलं तर उद्या कुणीही उठेल आणि पखवाज उचलून नेईल.

पण तुम्ही काळजी करू नका. मला मुळीच धाकधूक नाही. सत्य माझ्या बाजूला आहे, मारुतीराया माझ्या बाजूला आहे (तो लंकेला गेला होता हे खरं, पण खर्च न करता गेला), आणि रोशनला मी रोज संध्याकाळी संथ वाजवायला बसवतोय. मी फक्त खुशाली कळवायला हे पत्र लिहिलं. मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा,
हरिश्चंद्र

ता. क. सहज विचारतो. वानरांच्या जेवणाबद्दल तुम्ही कधी काही गायला होतात का? असल्यास उलट टपाली कळवा. तसंच समोरच्या बुवाला गाण्यातून डिवचायचे ते जुने टोमण्याचे गजर, जे आम्ही लहान म्हणून तुम्ही आम्हाला शिकवले नव्हते. मी आता पन्नाशीला आलो, मोठा झालोय.

पुन्हा ता. क. वर मी धाकधूक नाही असं लिहिलंय. ते उर्मिला पत्र वाचेल म्हणून (ता. क.पर्यंत ती कधी पोचत नाही). मला रात्री झोप नाही. शनिवारी देवळात पेटी लावतो आणि पहिल्या समेला उजवीकडे बघतो. तिथे रोशन असतो.

शेवटचं ता. क. बबननेही तुम्हाला गजर मागायला पत्र टाकलंय, असं आशाने उर्मिलेला सांगितलं. त्याला नाही म्हणू नका. त्याच्याकडे दारूगोळाच नसला तर तो बारीला उभा राहायचा नाही, आणि मग मी गाऊ कुणाशी? तुम्ही कृष्णासारखं करा. दुर्योधन आणि अर्जुन एकाच वेळी दारात आले, तेव्हा देवाने एकाला सगळं सैन्य दिलं आणि दुसऱ्याकडे स्वतः गेला. तुमचे असतील नसतील तेवढे गजर बबनला पाठवा, आणि तुम्ही स्वतः माझ्याकडे या. गाऊ नका, बोलू नका, नुसते माझ्या पेटीमागे बसा. तुम्हाला बघितल्यावर बबन बारी सोडून आधी तुमच्या पाया पडायला वाकेल. तो वाकला की रोशनचा पखवाज त्याच्या पुढ्यात सरकवायचं काम माझं. येण्याजाण्याचं भाडं मी देतो, मामींचंही. गुडघ्यासाठी स्टेशनपासून टॅक्सी करू. ह्या लढाईचा खर्च मला मान्य आहे.