गोरखचा दोष नाही असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, वेल्हे, जि. पुणे.

अर्जदार : चिमाजी गेनू चोरघे, वय ७६, धंदा शेती, रा. उंबरमाळ, ता. वेल्हे.

विषय : सर्व्हिसिंगनंतर जीपचे इंजिन घाटात जाम झाले, त्यात चालक गोरख याचा दोष नव्हता, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : याच कामी अर्जदार आपल्या कार्यालयात तीन वेळा समक्ष येऊन गेला, ते.

महोदय,

१. अर्जदाराची नात शिवानी हिचे लग्न किकवीला झाले, त्या साली म्हणजे सन २०२४ मध्ये घरच्या जीपने वऱ्हाडाच्या सहा खेपा केल्या. गाडी दमली होती. दसऱ्याला तिची पूजा करायची ती धड करून करावी, म्हणून अर्जदाराचा मुलगा गोरख याने मंगळवार दि. ८ ऑक्टोबर रोजी ती महामार्गावरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगला नेली. एरवी तो वेल्ह्यातल्या मिस्त्रीकडे जातो. या खेपेस त्याची आई सगुणाबाई म्हणाली, "एकदा तरी मोठ्या ठिकानी दाखव की तिला." त्याने आईचे ऐकले.

२. शुक्रवारी सकाळी सगुणाबाईला धाप लागली. एसटी निघून गेली होती. गोरखने तिला मागच्या बाकावर निजवून गाडी काढली. अर्जदार सोबत होता. निम्मा घाट उतरल्यावर तेलाचा तांबडा दिवा लागला. गोरखने तसे सांगितले. सगुणाबाई म्हणाली, "थांबू नगं बाबा, चल." तो चालला. पुढच्या दुसऱ्या वळणावर इंजिन जाम झाले. तिथे मोबाईलला रेंज नाही. सव्वा तासाने दुधाचा टेम्पो आला. नसरापूरला पोचेपर्यंत ती राहिली नाही.

३. शोरूमचा माणूस दोन दिवसांनी घाटात आला. त्याने तेलाची कांडी ओढून पाहिली आणि कागदावर लिहून दिले की इंजिनात तेल नव्हते, दिवा लागल्यावर गाडी चालवली ही चालकाची चूक. मंगळवारी भरलेले तेल शुक्रवारी कुठे गेले, हे त्याने लिहिले नाही. गोरखने विचारलेही नाही. तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. सदरा धुवायला टाकला की कागद दुसऱ्या खिशात. तेव्हापासून त्याने स्टेअरिंगला हात लावलेला नाही. जेवायला बसतो तो अंगणाकडे पाठ करून, कारण अंगणात जीप आहे. अर्जदाराला एकदाच म्हणाला, "आबा, म्या मारली आईला." येत्या सोमवारी, दि. २४ रोजी, तो घर सोडून सारोळ्याला धाब्यावर राहायला चालला आहे. परत येईन असे म्हणत नाही.

४. आपल्या कार्यालयात विचारले असता खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, उत्पन्नाचा दाखला मिळतो, रहिवाशाचा मिळतो. दोष नसल्याचा मिळत नाही." दुसऱ्या खेपेस पोलीस चौकीत जा म्हणाल्या. चौकीत म्हणाले, गुन्हाच नाही तर निर्दोष कुणाला लिहायचे. तिसऱ्या खेपेस शिपायाने पाणी दिले. अर्जदाराची कुणाबद्दल तक्रार नाही. परंतु माणूस जिवंत आहे असाही दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तर त्याचा दोष नाही एवढे लिहायला कागद का नसावा, हे अर्जदारास समजत नाही.

५. आता जे राहिले ते लिहितो. हा अर्ज अर्जदाराने स्वहस्ते लिहिला आहे. साठी उलटल्यावर शिवानीने अक्षरे शिकवली, त्यामुळे अक्षर वाकडे आहे. अर्ज लिहून देणारा गोरखच्या ओळखीचा आहे, म्हणून त्याच्याकडे गेलो नाही. सर्व्हिसिंग झाले त्या मंगळवारी संध्याकाळी जीपखाली तेल ठिबकताना अर्जदाराने पाहिले होते. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की जास्तीचे दोन-तीन दिवस ठिबकते. ठिबकले म्हणजे घालणाऱ्याने हात आखडला नाही, असे आमच्यात मानतात. अर्जदाराला बरेच वाटले. त्याने खाली पत्र्याचा डबा ठेवला आणि जमलेल्या तेलातून बैलगाडीचे एक चाक वंगवले. शुक्रवारी गडबडीत, चाकाखाली येईल म्हणून, तो डबा अर्जदाराने स्वतः ओढून बाजूला घेतला. डबा निम्म्यावर भरला होता. कुणाला काही बोलला नाही. पुढे ट्रॅक्टरने जीप घरी ओढून आणल्यावर अर्जदाराने खाली निजून पाहिले, तर तेलाच्या चेंबरचा बोल्ट दोन बोटांनी फिरला. त्यावर फडके बांधले आहे. नंतर कुणी हात लावलेला नाही.

६. तरी साहेबांनी सोमवारच्या आत जाणकार माणूस पाठवून तो बोल्ट पाहावा. बोल्ट ढिला ठेवणारा कोण आणि ठिबकणारे तेल पाहून गप्प बसणारा कोण, हे दोन्ही लिहावे. दुसऱ्या जागी अर्जदाराचे नाव घालण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र गोरख चिमाजी चोरघे याचा दोष नाही, हे वर, आधी, शिक्क्यासह लिहावे. अर्जदार हे तोंडाने सांगायला चार महिने उठतो आणि बसतो. घरच्या माणसाचे बोलणे गोरख समजूत घालणे धरील. सरकारी कागद त्याला मोडता येणार नाही. दाखला खिशात मावेल एवढाच असावा.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
चिमाजी गेनू चोरघे
उंबरमाळ, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) सर्व्हिसिंगच्या बिलाची प्रत.
२) तेलाचा डबा, झाकण लावून. समक्ष आणला आहे.
३) मृत्यूचा दाखला. त्यात लिहिले आहे ते असे : सगुणाबाई चिमाजी चोरघे, वय ७१, मृत्यू शुक्रवार दि. ११ ऑक्टोबर २०२४.