चौथ्या दिवशीचं हसू

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. गोष्ट पाचव्यांदा परत आली, हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस आणि खाली अर्धं पान माझ्या गुडघ्याची चौकशी. गुडघा बरा आहे. तूच बरी नाहीस, ते अक्षरावरून कळतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायचा नाद लागला तो आपल्या चष्म्याच्या दुकानात. नजर तपासताना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला हे जुनी पुस्तकं ठेवायचे. गिऱ्हाईक दोन ओळी वाचून ‘दिसतंय’ म्हणायचं आणि उठायचं. पुढे काय झालं याची चुटपुट मला. तेव्हा माझं मत काही शिकलेल्या माणसाचं नाही, पण ऐक.

या पाचव्या संपादकांनी लिहिलंय, की नवरा गेल्याच्या चौथ्या दिवशी दुकान उघडून गिऱ्हाइकासमोर हसणारी बाई वाचकाला पटणार नाही. माणूस वाईट नसावा. बाकीच्या चौघांनी तर नुसती छापील चिठ्ठी लावली होती. पण तू लगेच नवा शेवट लिहिलास, त्यात ती दार लावून हुंदके देते, आणि मला विचारतेस, ताई, यातला कुठला पाठवू?

रडणं तू छान लिहिलंयस, पण ते कोणीही लिहील. पहिल्या शेवटात ती दुरुस्त झालेले अकरा चष्मे पुसत बसते, कारण अकरा माणसं आपापल्या घरी चाचपडत असतात. मग ते म्हातारे मास्तर भलताच चष्मा चढवून तिला सांगतात, बाई, चार दिवसांत केवढ्या लठ्ठ झालात. ती हसते, आणि हसत हसत मागच्या स्टुलाकडे वळते. स्टूल रिकामं. तिथेच तू थांबलीस. एवढं धीराचं लिहिणं मी फार वाचलेलं नाही, आणि ते माझ्या शेंबड्या बहिणीनं लिहिलंय, याचा मला किती अभिमान आहे ते तोंडावर कधी सांगितलं नाही.

त्या बाईबद्दल तू मला काही विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. त्या दिवशी तू आत फडकी धूत होतीस, तुला ऐकू गेलंच असणार. समोरची शिंपीण म्हणाली होती, नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ही दात काढते. तीन वर्षं मला तिचंच खरं वाटत होतं. मी मागे का वळले, ते तुझी गोष्ट वाचून कळलं. तीस वर्षं दुकानात काही गमतीचं झालं, की मी आधी यांच्याकडे बघायची. त्या दिवशीही तेच केलं. हे कोणाला पटो न पटो, असं झालंय, आणि ते तू जसंच्या तसं लिहिलंयस. म्हणून तुझा नवा शेवट सोबत साभार परत पाठवते आहे. जुनी गोष्ट सहाव्यांदा टपालात टाक.

तुझीच,
ताई