नऊची गोळी

वाघोली, रविवार

प्रिय मिसबा,

झालं बाई एकदाचं. आपलं 'वेळेवर' अॅप पाचव्या खेपेला पास झालं. बेचाळीसच्या बेचाळीस अटी, एकही शेरा नाही. शुक्रवारी दुपारी मेल आला तेव्हा मी आईबरोबर मेथी निवडत होते. एवढी ओरडले की शेजारच्या द्वारका मावशी गॅस लीक झाला समजून जिन्यात पळाल्या. ही बातमी तुला सगळ्यांत आधी द्यायची होती, पण तू तेरा महिने माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस आणि मेलला उत्तर देत नाहीस. म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा कागदावर पत्र लिहितेय. अक्षराला नावं ठेव हवं तर, म्हणजे निदान वाचलंस असं तरी होईल.

तू का बोलत नाहीस ते मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्या नानींच्या फोनचं मी जे केलं त्यावर मी येणार आहे, टाळणार नाही. पण मला आधी थोडं मिरवू दे. दिवाळीपासून ज्येष्ठांसाठीचा तो स्वस्त फोन दुकानात येईल आणि प्रत्येक डब्यातल्या फोनमध्ये आपलं अॅप आधीपासून असेल. मोठमोठ्या कंपन्यांची नऊ अॅप्स होती आपल्या गटात. घेतलं एकच. वाघोलीतल्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बनलेलं. आई म्हणते, आता तरी ती दोरी सोड.

आठवतं, पहिल्यांदा त्या मोबाइल कंपनीची अॅप मागवणारी जाहिरात वाचून मी म्हणाले होते, एवढी मोठी कंपनी, स्वतः अॅप का नाही बनवत? तू नेहमीच्या थंडपणाने म्हणालीस, हॉटेलवाला पण शेतात भाजी लावत नाही, मंडईतून आणतो आणि नासकी निघाली तर परत करतो. अगदी तसंच निघालं. बाहेरच्यांनी बनवायचं, त्यांच्या पोर्टलवर चढवायचं, हिंजवडीच्या लॅबमध्ये ते फोन बंद पाडणार, मध्येच कॉल करणार, नेटवर्क काढून घेणार, आणि तीन आठवड्यांनी नासकी भाजी परत. आपली चार वेळा परत आली. मी त्यांना काय काय शिव्या घातल्या ते लिहीत नाही, हे पत्र आधी तुझ्या भावाच्या, फैझलच्या हाती पडायचंय.

कल्पना तुझी होती, आणि तुझी म्हणजे तुझ्या नानांची. नाना कॅम्पातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडायला निघताना नानींना रक्तदाबाच्या गोळीचं बजावून जायचे आणि नानी नऊ वाजेपर्यंत साफ विसरायच्या. वाचता येत नाही, अलार्म वाजला तर तो कशाचा ते कळत नाही. मग घरच्याच माणसाचा आवाज वाजवू, असं तू ठरवलंस. शमशुद्दीन नानांनी पहिलंच रेकॉर्डिंग जे केलं ते मला पाठ आहे: "कमरजहां, नौ बज गए. लाल गोली. पानी पूरा पीना, आधा नक्को." दुसऱ्या दिवशी नऊला फोन बोलला आणि नानी भडकल्या, की हे दुकानात जाऊनही हुकूम सोडतात. पण गोळी घेतली. पाणी अर्धंच प्यायल्या.

ते एवढंच एक रेकॉर्डिंग. पहिल्यांदा अॅप पाठवायचं होतं त्या दिवशी नमुना म्हणून तू तेच घातलंस, दुसरं काही हाताशी नव्हतं. तीन आठवड्यांनी शेरा आला, नमुन्यात खासगी व्यक्तीचा आवाज आहे, काढावा. मी चिडले. तू मात्र म्हणालीस, बरोबर बोलतायत, माझंच चुकलं. आपल्या दोन्ही लॅपटॉपवरची ती फाइल तू मुळासकट काढून टाकलीस. दुसऱ्याच्या घरातला आवाज आपल्याकडे कशाला, तो त्या फोनमध्येच राहिला पाहिजे, हा तुझा नियम. पुढच्या अर्जात ते वाक्य मीच मोठ्या ऐटीत लिहिलं, की ग्राहकाचा आवाज फोनबाहेर कधीच जात नाही.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात नाना गेले. आणि रोज सकाळी नऊला फोनमधून नाना बोलत राहिले. मी एकदा तुमच्याकडे होते तेव्हा पाहिलंय. नानी फोनकडे बघून "हां, ली ना" म्हणाल्या आणि ग्लासभर पाणी संपवलं, तळापर्यंत. त्यानंतर मी तरी त्यांना अर्धा ग्लास ठेवताना पाहिलं नाही.

आता ते लिहिते. जुलैत कंपनीवाल्यांनी हिंजवडीला बोलावलं, खऱ्या ग्राहकाचा फोन घेऊन या म्हणाले. तू नानींचा फोन माझ्याकडे दिलास, संध्याकाळी परत हवा म्हणालीस. त्या फोनवर गुड मॉर्निंगची चार हजार चित्रं होती; गुलाब, चहाचे कप, उगवते सूर्य. मी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अडकलेली, फोन हँग होत होता, साहेबांसमोर नाक कापलं जाईल या भीतीने मी तो पूर्ण पुसला. फॅक्टरी रीसेट. अॅप नव्याने टाकलं, स्वतःच्या आवाजात 'आजी गोळी घ्या' भरलं, आणि फोन कसा वाऱ्यासारखा चालला. टाळ्या पडल्या मिसबा. मी त्या टाळ्या घेतल्या. नानांचा आवाज आपल्या सर्व्हरवर असेलच, असं मी गृहीत धरलं होतं. जो सर्व्हर आपण मुद्दाम ठेवलाच नव्हता. ज्याची ऐट मी स्वतःच्या हाताने अर्जात लिहिली होती.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू फोन बघितलास, खिशात टाकलास आणि गेलीस. नंतर फैझलने सांगितलं, की दुसऱ्या दिवशी नऊला फोन माझ्या आवाजात बोलला, तरी नानी ग्लास घेऊन नानांची वाट बघत बसल्या होत्या. साडेदहापर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, थक गए होंगे बोल बोल के. मिसबा, हे वाक्य मी तेरा महिने रोज ऐकतेय. मला माफ कर असं लिहिणं फार स्वस्त वाटतं, तरी लिहिते. माफ कर.

त्या टाळ्यांचं काय झालं ते ऐक, म्हणजे तुला थोडं बरं वाटेल. पुढची दोन्ही सबमिशन्स त्यांनी परत केली, कारण एकच: फोन गच्च भरलेला असेल तर अॅप गप्प बसतं. म्हणजे तू नानींचा फोन कधी साफ करू द्यायची नाहीस, म्हातारी माणसं असाच फोन वापरतात म्हणायचीस, आणि मी हसायचे, ते सगळं माझ्या अंगावर आलं. मग मी सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाऊन जाहीर केलं, की मला घाण फोन हवेत, कोणी पुसू नका. एक आजोबा म्हणाले, मुली, सहसा लोक उलटं मागतात. द्वारका मावशींच्या फोनवर सहा हजार चित्रं निघाली. तिथे आपलं अॅप वाजेपर्यंत मी पाच महिने खपले. तुझी जुनी वही समोर ठेवून. जागा संपली तर आधी काय सोडायचं आणि आवाज कसा वाचवायचा, ते तू त्यात कधीच लिहून ठेवलं होतंस, मी पान उलटलं नव्हतं इतकंच. म्हणून अर्जावर बनवणाऱ्यांत पहिलं नाव तुझं आहे. खोडायचं असेल तर स्वतः येऊन खोड.

पण खरी गोष्ट शुक्रवारी पास झाल्यानंतरची आहे. संध्याकाळी लॅबमधले सुखदेव सर, तेच ते शेरे लिहिणारे, त्यांचा फोन आला. अभिनंदन वगैरे दोन शब्दांत उरकलं आणि म्हणाले, तुमची आधीची चार नापास सबमिशन्स आमच्याकडे पडून आहेत, नियमाने ती आता पुसायची, पोर्टलवर तेवढं 'हो' करा. मी पोर्टल उघडलं. चार ओळी होत्या आणि खाली प्रश्न, कायमचं पुसायचं का? बोट बटणावर होतं. पुसायचं का, हे शब्द मला हल्ली सहज वाचता येत नाहीत. मी थांबले, आणि पहिल्या ओळीपुढचा शेरा वाचला. खासगी व्यक्तीचा आवाज आहे, काढावा.

ज्या शेऱ्यासाठी मी त्यांना शिव्या घातल्या होत्या, त्यानेच सांगितलं की आवाज तिथे आहे. मी सुखदेव सरांना परत फोन केला आणि नानींचं सगळं सांगितलं, रडत, काही लपवलं नाही. ते म्हणाले, मॅडम, जुनं सबमिशन बाहेर द्यायची पद्धत नाही. मग म्हणाले, पण तुमची वस्तू तुम्हाला परत द्यायला पद्धत कशाला लागते, अर्ज करा, उद्या सही करून घेतो. काल शनिवार, त्यांची सुट्टी. ते पार मांजरी गावाहून हिंजवडीपर्यंत आले, मी वाघोलीहून गेले. त्यांनी माझ्यासमोर फाइल कार्डावर घेतली आणि मग ती चारही सबमिशन्स पुसली. या वेळी 'हो' मी दाबलं.

या पाकिटात नानींच्या गोळ्यांच्या डबीसारखी एक डबी आहे. तिच्यात कापसात गुंडाळलेलं नखाएवढं मेमरी कार्ड आहे, त्यात नाना आहेत. फाइल धड आहे का बघायला मी सुरू केली, "कमरजहां" एवढं ऐकलं आणि बंद केली, कारण पुढचं माझ्यासाठी नाही. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही, कंपनीकडे नाही; तुझा नियम मी शेवटी शिकले. म्हणून कुरिअरवर विश्वास न ठेवता मी हे स्वतः घेऊन येतेय आणि फैझलच्या हातात देऊन जाणार आहे. आता प्रती किती काढायच्या ते तू ठरव. माझा नंबर उघडला नाहीस तरी चालेल. फक्त उद्या सकाळी नऊच्या आधी हे कार्ड नानींच्या फोनमध्ये घाल, आणि त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास भरून ठेव, पूर्ण.

तुझीच,
फोन पुसणारी पायल