करवंदीची जाळी

मामा,

चष्म्याखाली दोन फोटो ठेवलेत. खाचरातून आलात की आधी ते बघा, हातपाय मग धुवा.

पहिला नागपंचमीचा. त्यात डोंगरावरची भेग पुसट आली, तर तुमी म्हणालात, सूनबाईचा हात हलला. म्हणून काल कॅमेरा हातात धरलाच न्हाई. पहिला फोटो जिथून काढला त्याच दगडावर ठेवला आणि टायमर लावून बाजूला झाले. घोडेगावच्या स्टुडिओत मोबाईलवरून न पाठवता कार्डच नेऊन दिलं. लई साफ आलाय, पानन् पान दिसतंय.

आता करवंदीची जाळी बघा. पहिल्या फोटोत ती कातळाला चिकटून आहे. दुसऱ्यात मधे माणूस उभा राहील एवढी लाल माती दिसते.

श्रेयाला आणि शेळ्या घेऊन मी शाळेत चाललेय. बैल सोडलेत. ह्यांना फोन लागत न्हाई. भांडीकुंडी राहू द्या, तसेच निघा. तुमी आला न्हाईत तर तुमाला न्यायला मला परत यावं लागेल, आणि श्रेया तिथं एकटी राहील.

दोन्ही फोटोंत जाळीच्या बरोबर खाली आपलं घर आहे. ते तेवढं अजून जागेवर आहे.

इंद्रायणी